विचारा, सांगतो: गोठ्याचा खर्च

प्रश्न: दहा संकरित गाई आहेत, त्यांतल्या पाच-सहाच दुधात असतात. खुराकाचा खर्च झेपत नाही. पेंड कमी करू का?

उत्तर: सरसकट कमी करू नका. गळती खुराकात थोडी आहे, भाकड दिवसांत, म्हणजे गाय दूध देत नाही त्या दिवसांत, जास्त. दोन वेतांतलं (एकदा व्यायल्यापासून पुन्हा विण्यापर्यंतचं) अंतर तेरा महिने आणि विण्यापूर्वी दूध आटवण्याचे 60 दिवस धरले, तर दहापैकी आठ-नऊ गाई कायम दुधात असायला हव्यात. तुमच्याकडे पाच-सहाच आहेत, म्हणजे हे अंतर दीड वर्षापर्यंत गेलेलं दिसतं.

याचं नेहमीचं कारण म्हणजे हुकलेला माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ती वेळ. माज 12 ते 18 तासच टिकतो आणि हुकला की पुढच्या माजापर्यंत 21 दिवस गेले. बऱ्याच गाई रात्री किंवा पहाटे माज दाखवतात, तेव्हा गोठ्यात कुणी नसतं. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-वीस मिनिटं गाई मोकळ्या सोडून नुसतं बघा, हातात दुसरं काम नको. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी स्थिर उभी राहते, ती माजावर. शेपटीला काचेसारखा सोट (चिकट स्राव) चिकटलेला दिसतो. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन (गाभण राहण्यासाठी वीर्य भरणं), संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायल्यानंतर दोन महिन्यांनी रेतन सुरू करा आणि रेतनानंतर दोन महिन्यांनी गाभण तपासणी कराच. ‘उलटली नाही (पुन्हा माजावर आली नाही) म्हणजे गाभण’ हा अंदाज फार महाग पडतो.

आता खुराक. चार लिटरवाली आणि चौदा लिटरवाली, दोघींना एकच घमेलं मिळत असेल तर तिथे हात घाला. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर लिटरमागे 400 ग्रॅम, हा ढोबळ हिशेब. पहिलीला तीन किलो पुरतात, दुसरीला सात लागतात. तेही तीन-चार वेळांत विभागून, नाहीतर पोटात आम्लता वाढते आणि दुधाचं फॅट पडतं. मात्र व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हात आखडता घेऊ नका. तेव्हा गाय अंगावरचं झिजवून दूध देते. फार खंगली तर माजावरच येत नाही, आणि पेंडीत वाचवलेलं भाकड दिवसांत जातं.

घमेलं एकदा काट्यावर ठेवा. पेंड बदलली की त्याच घमेल्यातलं वजन बदलतं, हे सहसा कुणी बघत नाही.

प्रश्न: मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) वरून काळा पडतो, बुरशी येते. काय चुकतं?

उत्तर: हवा राहते. दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात जाताना कापा. कुट्टी (कापलेल्या मक्याचे बारीक तुकडे) मुठीत घट्ट दाबून सोडा: पाणी ठिबकलं तर ओली, गोळा फुटून सुटी झाली तर वाळकी, गोळा टिकला आणि तळवा फक्त दमट झाला तर बरोबर. एक-दोन सेंटिमीटरचीच कुट्टी हवी, लांब तुकडे दबत नाहीत. एक वीत थर टाकून तुडवा, मग पुढचा. 45 दिवसांनी उघडा आणि रोज पूर्ण रुंदीचा काप काढा. मधूनच खड्डा करून काढलं तर हवा आत शिरते. बुरशीचा भाग गाभण गाईला मुळीच घालू नका.

प्रश्न: पाणी दोनदा पाजतो. पुरेल?

उत्तर: नाही. दर लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं. गव्हाणीशेजारी चोवीस तास भरलेली टाकी ठेवा आणि शेवाळ धरण्याआधी घासा.