ढाल उलटी दिसली म्हणून नाणे चुकीचे ठरत नाही

प्रश्न : आजीच्या माळेतील कडी लावलेल्या दोन गिन्या माझ्याकडे आल्या आहेत. १८६६ सालच्या गिनीवर राणीचे मस्तक सरळ धरून ती वहीच्या पानासारखी उलटली की मागची ढाल खाली डोके वर पाय अशी दिसते, तर १९११ सालच्या गिनीवरील घोडेस्वार घाट चढत असल्यासारखा तिरका आहे. शहापूरच्या एका सराफांच्या मते दोन्ही चुकीच्या छापाच्या असून त्यांना सोन्याच्या अनेकपट किंमत येईल. हे खरे मानावे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : १८६६ च्या नाण्यात चूक मुळीच नाही. आपण जिला गिनी म्हणतो ती ब्रिटिश सॉव्हरिन होय आणि ढालीच्या छापाच्या सॉव्हरिनवर दोन्ही बाजूंचे ठसे (नाण्यावर छाप उमटवणारे साचे) जाणूनबुजून परस्परांच्या उलट दिशेने बसवीत असत. १८७१ पासून घोडेस्वार संत जॉर्जचे चित्र पुन्हा घेण्यात आले, त्या नाण्यांवर मात्र दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असतो.

त्यामुळे विचार करण्याजोगी आहे ती १९११ चीच गिनी. यंत्रातील ठसा खाचेत सैल होऊन फिरला किंवा मुळातच तिरका बसला, तर चूक लक्षात येईपर्यंत पडणारे प्रत्येक नाणे तसेच निघते. नाणे कडीला लोंबते ठेवून मात्र परीक्षा करू नये, कारण कडीच वाकडी जोडलेली असू शकते. राजाचे मस्तक घड्याळातील बाराच्या जागी धरून पान उलटावे तसे नाणे उलटावे; स्वाराचा माथा एकावर किंवा अकरावर आला तर फरक ३० अंशांचा समजावा. पाच-सात अंशांच्या फरकाला संग्राहक सहसा मोल देत नाहीत.

फरक मोठा निघाला तरी हुरळून जाण्याआधी नाण्याच्या खरेपणाची शंका घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सोन्याची नाणी टांकसाळीत फार काळजीने तपासली जात; उलट, दुसऱ्या महायुद्धानंतर लेबनॉन व इटलीत पाडलेल्या बनावट सॉव्हरिनांत सोने बहुधा पुरेसे असे, पण ठशांची दिशा पुष्कळदा चुके. म्हणून ७.९९ ग्रॅम वजन आणि २२ मिलिमीटर व्यास जुळणे हा पुरावा नव्हे, शिवाय कडीसकट वजनाला अर्थही उरत नाही. अक्षरांची रेखीवता नाणेतज्ज्ञाला दाखवावी. तोवर कडी कापू नये, नाणे उजळू नये आणि कसोटीवर घासूही देऊ नये. कडीच्या जोडामुळे संग्राहकाच्या लेखी किंमत आधीच उतरलेली असते, त्यामुळे ‘अनेकपट’ हा शब्द मला पटत नाही.

प्रश्न : विजयनगरच्या होनावरील दोन्ही बाजूंची दिशा जुळत नाही. ही चूक मानावी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. होन हातोड्याने ठोकून पाडीत आणि वरचा ठसा कारागिराच्या हातात जसा येई तसा बसे, त्यामुळे तेथे ठरलेली दिशाच नव्हती. मात्र तो शेतात सापडलेला असेल, तर कर्नाटकाच्या १९६२ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.