पत्रातला बाण आणि पडद्यावरचा बाण

प्रश्न असा आहे : इंग्रज-मराठे लढाईच्या एका चित्रपटात मराठ्यांची फौज इंग्रजांच्या पलटणींवर धनुष्यबाणांचा वर्षाव करताना दाखवली आहे. त्यावर टीका झाली, तेव्हा चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांनी उत्तर दिले की त्या काळच्या मराठी कागदांतच बाणांच्या माराचे उल्लेख आहेत. मग दृश्य बरोबर मानायचे का? आणि अठराव्या शतकातल्या मजकुरात ‘बाण’ शब्द आला तर अर्थ काय घ्यायचा?

कागद खरे आहेत, दृश्य चुकले आहे. अठराव्या शतकातल्या लढाईच्या वर्णनात ‘बाण’ म्हणजे बहुतेक ठिकाणी दारू भरलेला लोखंडी नळा, आजच्या भाषेत रॉकेट. धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाला लष्करी मराठीत ‘तीर’ म्हणत, तो सोडणाऱ्याला ‘तिरंदाज’ आणि धनुष्याला ‘कमान’ किंवा ‘कमठा’. बाण उडवणारा तो ‘बाणदार’. संस्कृत बाणाचे नाव दारूच्या हत्याराला कधीतरी चिकटले आणि तिथेच रुळले. फारसी तवारिखांतही, म्हणजे इतिहासग्रंथांतही, हे हत्यार ‘बान’ याच नावाने येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही ‘बाण’ शब्दाखाली तीर आणि रॉकेट असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत.

हा बाण दिसायचा कसा याचे चांगले वर्णन शत्रूच्याच बाजूने मिळते. १७७५ साली राघोबादादाच्या मदतीला कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत उतरली, तिच्याबरोबर जेम्स फोर्ब्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस होता. मराठ्यांच्या बाणांनी आपल्याला फार सतावले असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. आठ-दहा इंच लांबीचा, जवळपास दोन इंच व्यासाचा लोखंडी नळा. तो कधी लोखंडी सळीला, कधी दुधारी सरळ तलवारीला, पण बहुधा चार-पाच फुटांच्या बळकट बांबूला जखडलेला. नळ्यात ज्वालाग्राही दारू. बत्ती लागली की तो फुत्कारत सुटायचा आणि जमिनीवर आपटून कुठे वळेल याचा भरवसा नसायचा. नेम धरून एका माणसाला टिपण्याचे हे हत्यार नव्हे. घोडे उधळावेत, हत्ती बिथरावेत, दारूच्या गाड्यांना आग लागावी, दाटीने उभी असलेली रांग विस्कटावी, यासाठी ते होते.

म्हैसूरच्या फौजेने या हत्याराला पुढे नेले. हैदर आणि टिपू यांच्याकडे बाणदारांची स्वतंत्र पथके होती. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर तिथले बाण इंग्लंडला गेले, विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून ब्रिटिश फौजेसाठी रॉकेट तयार केले आणि १८०७ साली कोपनहेगनवर त्यांचा मारा झाला. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर या गावी एका जुन्या विहिरीतून असे हजाराहून अधिक बाण निघाले. हे नगर म्हणजे मराठी कागदांतले बिदनूर. त्यामुळे वस्तू कशी होती याबद्दल आता कल्पना लढवायचे कारण उरलेले नाही. ती हातात घेऊन पाहता येते.

मग आपल्याला हा अर्थ विसरायला कसा झाला? मला वाटते, पेशवाई गेल्यावर बाण रणांगणावरून गेला, बाणदार गेले, आणि शब्दावर पुन्हा रामायण-महाभारतातल्या बाणाने ताबा मिळवला. पुढे विसाव्या शतकात रॉकेटसाठी मराठीला नवा शब्द हवा झाला तेव्हा आपण ‘अग्निबाण’ म्हणू लागलो. अठराव्या शतकातल्या माणसाला ‘अग्नि’ जोडायची गरज पडली नसती. जुना अर्थ पूर्ण मेलेला मात्र नाही. दिवाळीत पोरे जो उडवतात त्याला अजूनही बाणच म्हणतात. पटकथा लिहिणाऱ्याने एवढे जरी आठवले असते तरी ‘बाणांचा मार’ वाचून त्याच्या डोळ्यांपुढे धूर आणि ठिणग्या आल्या असत्या.

जुन्या मजकुरात अर्थ ओळखायची सोपी खूण म्हणजे शेजारचे शब्द. ‘तोफा, जेजाला, बंदुका, बाण’ अशी माळ असेल (जेजाला म्हणजे लांब, जड बंदुका) तर तो दारूचा बाण. ‘तीर, तलवार, भाला’ अशा माळेत तो क्वचित बसतो. गडावरच्या साठ्याच्या यादीत दारू आणि शिशाजवळ बाण असतील तर शंकाच नको. उलट पोवाड्यात किंवा कवितेत अर्जुनाची उपमा चालू असेल तर अर्थातच तीर. गद्य पत्रात, त्यातही छावणीतून आलेल्या पत्रात, अशी उपमा फारशी येत नाही. तिथले लोक काय संपले, काय उरले, कोण पडला हे लिहीत होते.

याचा अर्थ इंग्रजांच्या काळात धनुष्य पडद्यावर दिसूच नये असा नाही. १८१८ नंतर खानदेशात भिल्लांनी कंपनीला वर्षानुवर्षे झुंजवले, त्यात तिरकमठा होता. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांनी १८५८ साली अंबापाणीला लढाई दिली, तिथे बंदुकांबरोबर तीर दाखवले तर ते योग्यच ठरेल. चुकते ते पेशव्यांच्या, शिंद्यांच्या, होळकरांच्या कवायती आणि बिनकवायती फौजांच्या हाती सरसकट धनुष्य देताना.

इथे मला प्रश्नाच्या थोडे पुढे जायचे आहे, कारण एका शब्दाच्या चुकीने सगळ्या लढाईचे चित्र फिरते. पडद्यावर आपण काय पाहतो? एकीकडे तोफा-बंदुका घेऊन गोरे, दुसरीकडे ढाल-तलवार आणि तीर घेऊन आपले लोक. शौर्य आपले, यंत्रे त्यांची. १८०३ च्या असईच्या लढाईला हे चित्र लावून पाहावे. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, भोकरदनच्या बाजूला, २३ सप्टेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर दौलतराव शिंद्यांचे जे पायदळ उभे होते ते शिंद्यांकडच्या द बॉइन या युरोपीय सेनानीच्या परंपरेत तयार झालेले कंपू, म्हणजे कवायती पलटणी होत्या, त्यांचा त्या दिवशीचा नायक पोलमन हा हॅनोव्हरचा, आणि वेलस्लीच्या हाती लढाईनंतर ज्या तोफा लागल्या त्याच ९८ होत्या. मुख्यतः त्या तोफांनी वेलस्लीची दीड हजाराहून जास्त माणसे मारली किंवा जखमी केली. त्याची कंपनीची फौज सात हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो आकडा किती जबर आहे ते कळते. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस आयुष्यभर असईचे नाव अभिमानाने घेत राहिला, ते समोर तीर घेतलेली माणसे होती म्हणून नव्हे.

आणि समोरचे ‘गोरे’ तरी किती? असईला वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण आणि १९ वे ड्रॅगून घोडदळ एवढे युरोपीय होते, बाकी मद्रासकडचे देशी शिपाई आणि देशी घोडदळ. अशा कवायती देशी शिपायाला मराठीत एक नेटका शब्द होता, ‘तिलंगा’. तेलंगणाकडून आलेला म्हणून तिलंगा, पुढे तो कुठलाही असला तरी तिलंगाच. लाल डगला अंगात असलेला हा माणूस पडद्यावरून जवळपास नाहीसा झाला आहे. संवादात ‘तिलंगे आले’ असे एक वाक्य घातले तरी त्याच्याबरोबर तो इतिहास परत येईल. ‘टोपीकर’ हा शब्द खऱ्या गोऱ्यांसाठी राखून ठेवावा, कारण त्या काळचे लोक तो फरक करत होते.

‘गारदी’ हा असाच बिघडलेला शब्द. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून गारद्यांनी केला, आणि तेव्हापासून मालिकांत गारदी म्हणजे भाड्याचा मारेकरी, डोळ्यांत काजळ आणि हातात सुरा. वास्तविक गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेला, बंदूक चालवणारा पायदळातला शिपाई. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी जे करून दाखवले ते ज्याने वाचले आहे त्याला त्या काजळाचा राग आल्याशिवाय राहणार नाही.

पुढचा सापळा ‘गोळा’. पडद्यावर प्रत्येक गोळा जमिनीला लागला की फुटतो, ज्वाळांचा लोळ उठतो, माणसे हवेत उडतात. त्या काळातला बहुसंख्य गोळा भरीव लोखंडाचा होता. तो फुटत नसे, टप्पे घेत रांगेतून आरपार जाई. फुटणाऱ्या गोळ्याला मराठीत वेगळे नाव होते, ‘कुलपी गोळा’, आणि तो बहुधा उखळी तोफेतून, म्हणजे आखूड नळीच्या आणि उंच कोनात डागणाऱ्या तोफेतून जाई. जवळ आलेल्या शत्रूवर तोफेतून छर्रे मारत, तो आणखी वेगळा प्रकार. भाषेने तीन गोष्टींना तीन नावे दिली होती. दिग्दर्शकाने तिन्हींसाठी पेट्रोलचा एकच भडका ठेवला आहे. भरीव गोळ्याचे दृश्य खरे दाखवले तर ते भडक्यापेक्षा जास्त भयंकर होईल असे मला मनापासून वाटते, कारण त्यात माणसाला गोळा येताना दिसतो आणि रांग सोडता येत नाही.

‘काडतूस’ शब्दाचा घोळ उलट्या दिशेचा आहे. पोर्तुगिजांकडून आलेला हा शब्द १८५७ मध्ये होता तसाच आजही आहे, पण वस्तू बदलली. आज काडतूस म्हटले की पितळी टोपण आणि मागून भरायची बंदूक डोळ्यांपुढे येते. १८५७ च्या एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची चरबी लावलेली पुडी. तिच्यात दारू आणि गोळी. पुडीचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, गोळी गजाने ठासायची. चरबी तोंडाला लागते हाच तर या काडतुसांवरच्या असंतोषाचा गाभा. ज्या दृश्यात शिपाई झटपट खटका ओढून लागोपाठ गोळ्या झाडतो, तिथे ते काडतूस दाताने का तोडावे लागत होते हे प्रेक्षकाला कधीच कळणार नाही. कथेचे कारणच दृश्याने पुसून टाकले.

त्याआधीच्या बंदुकांबद्दल एवढेच. जळती वात लावून उडवायची ती तोड्याची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीवर उडते ती पथरकला. दोन्ही एकाच वेळी एकाच फौजेत असू शकत. पावसात तोडा विझण्याचा धोका मोठा, पथरकलाही भिजली की दगा देई. मुसळधार पावसातल्या बंदुकांच्या धुमश्चक्रीचे दृश्य लिहिणाऱ्याने हे मनात ठेवावे.

आता पुण्याजवळच्या वडगावच्या लढाईचे उदाहरण घेऊन मूळ प्रश्नाकडे येतो, कारण या लढाईवर कुणी काही काढील तर हे सगळे तिथे लागू पडते. १७७९ च्या जानेवारीत मुंबईच्या इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. शत्रू असूनही लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले. तळेगावपर्यंत येऊन इंग्रज थांबले, जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरले, वडगावला कोंडले गेले आणि १६ जानेवारीला त्यांना करार करावा लागला. या माघारीच्या रात्री बाण दाखवायचे असतील तर जरूर दाखवावेत. अंधारात फुत्कारत येणारी, मध्येच दिशा बदलणारी ती ठिणग्यांची रेघ, बिथरलेले बैल, उलटलेले गाडे, सामान टाकून पळणारे बाजारबुणगे. धनुष्यातून सुटलेल्या तिरांपेक्षा हे दृश्य पडद्यालाही जास्त मानवेल.

राहता राहिला संवादाचा प्रश्न. मराठा सरदाराच्या तोंडी ‘रॉकेट’ घालू नये, आणि ‘अग्निबाण’ही नको, रॉकेटसाठी तो आपल्या काळात रुळलेला शब्द आहे. ‘बाणदारांना पुढे घ्या’ म्हणावे आणि पुढच्याच क्षणी बांबूला जखडलेला नळा व बत्ती पेटवणारा हात दाखवावा, म्हणजे टीप द्यावी लागणार नाही. क्रियापदे ‘सोडणे’, ‘मारणे’, ‘चालवणे’ कोणतेही चालेल. ‘ताणणे’ तेवढे टाळावे, ते कमानीचे.