गिनी कोंबडीचे निमित्त, गादीचे कारण

प्रश्न : आफ्रिकेतील घाना देशात 1994 मध्ये एका कोंबडीच्या किमतीवरून दोन जमातींत युद्ध पेटले, असे वाचनात आले. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात, हे खरे आहे काय? आणि अशी भांडणे मिटतात कशी?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : घटना खरी आहे, परंतु कोंबडी हे निमित्त होते, कारण नव्हे. उत्तर घानातील नाक्पायिलीच्या बाजारात एक कोंकोंबा आणि एक नानुंबा यांच्यात गिनी कोंबडीच्या किमतीवरून तंटा झाला आणि पाहता पाहता डागोंबा व गोंजा हे समाजही नानुंबांच्या बाजूने लढाईत उतरले. हजाराहून अधिक माणसे मेली आणि लाखाहून अधिक बेघर झाली.

मूळ वाद गादीचा आणि जमिनीचा होता. (तेथील प्रमुखाची गादी म्हणजे खरोखरच प्राण्याचे कातडे असते.) डागोंबा, नानुंबा व गोंजा यांच्यात प्रमुखांची उतरंड जुनी आहे, कोनफळाच्या जातीचा याम हा कंद पिकवणारे कोंकोंबा मात्र कुळाकुळांनी राहत आले, सर्वांवर एक राजा अशी त्यांची रीत नव्हती. इंग्रजांना कारभार प्रमुखांकरवीच चालवायचा असल्याने त्यांनी कोंकोंबांना शेजाऱ्यांच्या प्रमुखांखाली घातले. होळकर व इंग्रज यांच्यातील मंदसोरच्या 1818च्या तहानंतर माळव्यातील ज्या ठाकुरांना इंग्रजांची हमी मिळाली, त्यांचे हक्क कसे पक्के झाले, हे इंदूरकरांना निराळे सांगायला नको. पुढे घानाच्या 1979च्या राज्यघटनेने उत्तर भागातील, सरकारच्या ताब्यात असलेल्या जमिनी मूळ मालकांकडे परत दिल्या. व्यवहारात मूळ मालक म्हणजे प्रमुख, त्यामुळे ज्यांची गादीच मान्य नव्हती ते स्वतः कसत असलेल्या रानात उपरे ठरले. 1981 मध्ये नानुंबा व कोंकोंबा एकदा लढलेही होते. 1993 मध्ये कोंकोंबांनी स्वतःच्या सर्वोच्च प्रमुखपदाची मागणी केली, तेव्हा मानाच्या मागोमाग जमीनही मागितली जाईल अशी धास्ती समोरच्यांनी घेतली. ती अगदीच निराधार होती, असे मला वाटत नाही.

लढाई सैन्याने थांबवली, पण समेट घडवणे बंदुकीच्या आवाक्यातले नव्हते. मदतकार्य करणाऱ्या संस्था आणि नैरोबी पीस इनिशिएटिव्ह या शांतता-संस्थेचे मध्यस्थ यांनी रणभूमीपासून दूर, कुमासी शहरात, सर्व पक्षांच्या बैठका घेतल्या. कराराचा मसुदा आधी गावोगावच्या लोकांपुढे चर्चेला गेला आणि मगच, मार्च 1996 मध्ये, त्यावर सह्या झाल्या. माझ्या मते खरे काम या मधल्या फेरीने केले. ती टाळली असती तर करार पुढाऱ्यांपुरताच उरला असता.

आता ‘जमातींचे वैर’ या शब्दाविषयी. 2002 मध्ये येंडी येथे डागोंबांचे राजे (त्यांचे पद ‘या-ना’) मारले गेले, ते कोणा परक्या जमातीशी लढताना नव्हे, तर त्यांच्याच राजघराण्यातील अबुदू आणि अंदानी या दोन शाखांच्या वादात. तो वाद घानातीलच आशांती समाजाच्या राजांच्या अध्यक्षतेखालील तीन प्रमुखांच्या समितीने सोडवला. नवे या-ना गादीवर बसायला मात्र जानेवारी 2019 उजाडले.