संपादकांच्या फोटोंची रांग नको, जुळारी दाखवा

प्रश्न : आमच्या गल्लीत जुना छापखाना होता, तिथून साप्ताहिक निघायचं, ते बंद पडून कैक वर्षं झाली. आता मालकांच्या मुलानं चित्र काढायला भिंत दिलीय, काढा म्हणतात काय काढायचं ते. पोरं तयार आहेत पण रोज वाद, निम्म्यांना सगळ्या संपादकांचे चेहरे पाहिजेत, निम्म्यांना गणपती मंदिर, आयर्विन पूल, हळद वगैरे. मागं शेजारच्या भिंतीवर काढलेलं चित्र पहिल्याच पावसात पापुद्रे धरून गळालं. काय करावं?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : वाद राहू द्या बाजूला, आधी भिंत. पापुद्रे सुटले म्हणजे रंगवाल्यानं फसवलं असंच नाही, बहुतेक भिंतच ओली असणार. २०१९ च्या पुरात आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, आणि तुमच्याकडच्या जुन्या विटांच्या भिंती पाणी पिऊन बसतात, मग खार बाहेर येतो, आपण लोणा म्हणतो तो, त्याच्यावर कुठलाच रंग धरत नाही. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला एक दिवस चिकटवून ठेवा, आतनं घाम आला तर थांबा. फुगलेला गिलावा पाडा, नवा महिनाभर तरी वाळू द्या, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक रंग. दिवाळीनंतर हात घाला.

आता चेहरे. खरं सांगू का, ओळीनं चेहरे काढले की वाढदिवसाचा फ्लेक्स होतो. एकच घ्यायचा तर खाडिलकर घ्या, कृष्णाजी प्रभाकर, १८७२ साली सांगलीतच जन्मलेले, केसरीत लिहिलं, १९२३ ला नवाकाळ काढला आणि नाटकं पण त्यांचीच, कीचकवधावर तर १९१० ला सरकारनं बंदी घातली. विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर नाटक १८४३ चं, ते पण इथलंच. त्यामुळं पेपर का संस्कृती हा तुमचा वाद मला पटतच नाही, नाटकाचा पडदा उघडतोय आणि पडदा म्हणजे साप्ताहिकाचं पहिलं पान, असं काढा की, दोन्ही पार्ट्या गप्प बसतील.

पण मधली मोठी जागा जुळाऱ्याला द्या, म्हणजे छापायचा मजकूर एकेक अक्षर लावून जुळवणाऱ्या कामगाराला. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ लावायची पट्टी, उजव्या हातानं केसमधला, म्हणजे खणाखणांच्या पेटीतला, एकेक खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, उचलायचा, आणि अक्षर सगळं उलटं, ही माणसं उलटा मजकूर सरळ वाचल्यासारखा वाचायची. तर भिंतीवर दोन ओळी तशाच उलट्या रंगवा. पोरं सेल्फी काढायला उभी राहिली की स्क्रीनवर सुलटं वाचता येईल, बघा गर्दी होते का नाही! साप्ताहिकाचं नाव मात्र जुन्या अंकावरनंच उतरवा, चौकोन पाडून, कॉम्प्युटरचा फॉन्ट नको. कुणाच्या तरी ट्रंकेत तळाला अंक असतोच.

आणि हो, मालकांचा मुलगा एकटाच का भाऊ पण आहेत? सगळ्यांच्या सह्या घ्या, तोंडी नको.

प्रश्न : (त्याच पत्रात खाली) रंगात खरी हळद मिसळली तर? सांगलीची ओळख म्हणून.

उत्तर : नको हो. उन्हात लवकर उडते. काम संपलं की पोरांना दुधात घालून द्या.