साब ही स्वीडिश कार कंपनी का बुडाली? जनरल मोटर्सनेच ती संपवली का?

मी सहा वर्षं गोथेनबर्गला होतो, कामही मोटारींचंच. तिथल्या कुठल्याही साबवाल्याला हा प्रश्न विचारलात तर उत्तर दोन अक्षरांत मिळतं: जीएम, म्हणजे अमेरिकेची जनरल मोटर्स. माझं मत थोडं वेगळं आहे. शेवटचा दोर जीएमने कापला, यात वाद नाही. पण साब जेवढ्या गाड्या विकायची तेवढ्यात तिचे लाड परवडणारे नव्हते, आणि हे जीएम यायच्या आधीपासूनचं दुखणं होतं.

आधी ही गाडी काय चीज होती ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या घरमालकांकडे १९८० च्या दशकातली साब ९०० होती. ते निवृत्त शाळामास्तर. एका हिवाळ्यात त्यांनी ती मला वापरायला दिली. आईला फोनवर सांगितलं की साब मिळाली आहे, तर ती म्हणाली, "अरे, साहेबांची गाडी कशाला घेतोस, काही झालं म्हणजे?" गंमत म्हणजे साहेब लोकांची गाडी ती कधीच नव्हती. साहेब मर्सिडीज घेत. साब घ्यायचे ते मास्तर, प्राध्यापक, आर्किटेक्ट, डॉक्टर. म्हणजे ज्यांना "मी चारचौघांसारखा नाही" हे सांगायचं असतं, पण मोठ्याने नाही.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दुकानासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण किल्ली निघेना. साबची किल्ली स्टिअरिंगजवळ नसते, दोन सीटांच्या मध्ये गिअरच्या दांड्याशी असते. बाहेर बर्फाची भुरभुर चालू, आणि मी मोटार कंपनीत काम करणारा माणूस त्या किल्लीशी झटापट करतोय. शेवटी घरमालकांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले आणि म्हणाले, "रिव्हर्समध्ये टाक." टाकला, किल्ली अलगद हातात आली. बाकीचे लोक स्टिअरिंगला कुलूप घालतात, साब गिअरबॉक्सला घालायची. शिवाय टक्कर झालीच तर गुडघ्यासमोर लोखंडी किल्ली नको, हाही विचार. विचार बिनतोड आहे. फक्त तो जगात जवळपास दुसऱ्या कुणी केला नाही, आणि असा प्रत्येक वेगळा विचार स्वतःच्या खर्चाने अमलात आणावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा.

साब म्हणजे 'स्वेन्स्का एरोप्लान', स्वीडिश विमान कंपनी. स्थापना १९३७. दुसरं महायुद्ध संपत आलं तसं लढाऊ विमानांची मागणी घटणार हे दिसू लागलं आणि कंपनीने मोटार करायचं ठरवलं. मुख्य इंजिनिअर गुन्नार ल्युंगस्ट्रोम, आकार देणारा सिक्स्टेन सासोन. सोळा जणांच्या त्या चमूत गाडी चालवायचा परवाना दोघांकडेच होता, असं साबवाले नेहमी रंगवून सांगतात. १९४६ साली पहिला नमुना तयार झाला तो पाण्याच्या थेंबासारखा, विमानाचा पंख उलटा ठेवावा तसा. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून पुढची चाकंसुद्धा झाकली होती. मग त्या पोकळीत बर्फ आणि चिखल साचायला लागला, तेव्हा ती उघडी करावी लागली. ट्रोलहेत्तान गावातल्या कारखान्यातून डिसेंबर १९४९ पासून साब ९२ बाहेर पडू लागली. ७६४ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ अश्वशक्ती, पुढच्या चाकांना ताकद. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या. विमानांसाठी आणलेला रंग उरला होता तो खपवला म्हणतात. आणि डिकीला बाहेरून दारच नाही! सामान काढायचं तर मागची सीट पाडून हात घालायचा. ते दार १९५३ साली आलं.

टू-स्ट्रोक म्हटल्यावर आपल्या पिढीला वेगळं समजवायला नको. पंपावर चेतकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घेणं, टाकी भरल्यावर स्कूटर हलवून घेणं, मागून निघणारा निळा धूर. साबचंही तेच होतं. आता विचार करा, घाट उतरताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडला, पण गाडी गिअरमध्ये आहे. चाकं इंजिनाला जोरात फिरवतायत आणि इंजिनात पेट्रोल मात्र नाममात्र जातंय. पेट्रोल नाही म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही नाही, आणि ऑइल नाही म्हणजे पिस्टन धरला! साबने यावर फ्रीव्हील बसवलं. सायकलचं पायडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, अगदी तसंच. पाय काढला की इंजिन सुटं होऊन आरामात आयडलवर चालत राहायचं आणि गाडी आपली घरंगळत जायची. म्हणजे उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर. आपल्याकडे खंबाटकीच्या उतारावर कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी शिव्या दिल्या असत्या. तिकडे पन्नास-साठच्या दशकांत शाळामास्तर ते निवांत वापरत होते.

एरिक कार्लसन नावाच्या धिप्पाड गड्याने याच टू-स्ट्रोक इंजिनाच्या साब ९६ मध्ये ब्रिटनची आरएसी रॅली सलग तीनदा जिंकली (१९६०, ६१, ६२), आणि माँटे कार्लो १९६२ व ६३ मध्ये. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा, म्हणजे इंजिनाचा दम उतरत नाही, ही त्याची करामत. गाड्या इतक्या वेळा उलट्या केल्या की लोक त्याला 'छपरावरचा कार्लसन' म्हणायचे. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि १९६७ मध्ये साबने फोर्डचं चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं. त्यात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागत नव्हतं, म्हणजे फ्रीव्हीलचीही गरज उरली नव्हती. तरी फ्रीव्हील काढलं नाही!

खरी साब मात्र मी मानतो ती टर्बोची. सत्तरच्या दशकात साबला दमदार गाडी हवी होती, पण सहा सिलिंडरचं नवं इंजिन बनवायला पैसे नव्हते. मग होतं त्या दोन लिटरच्या इंजिनालाच टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा, जोडला. तोवर टर्बो म्हणजे शर्यतीतली वस्तू, वरच्या वेगात एकदम अंगावर येणारी. साबच्या पेर गिलब्रांडने छोटा टर्बो निवडला, रोजच्या रस्त्यावर, ओव्हरटेक करताना उपयोगी पडेल असा. १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९९ टर्बो आली, १४५ अश्वशक्तीची. त्यापुढची त्याची कल्पना मला सगळ्यात आवडते. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवला. पेट्रोल हलकं असलं की इंजिन नॉक करायला लागतं. ती खटखट या सेन्सरला 'ऐकू' आली की टर्बोचा दाब आपोआप कमी. म्हणजे भेसळीचं पेट्रोल भरलं तरी इंजिन जिवंत. आपल्या देशासाठीच बनवल्यासारखी वस्तू, पण आपल्या रस्त्यांवर ती गाडी मला कधी दिसली नाही.

९०० मध्ये बसलात की समोरची काच अर्धगोलाकार, विमानाच्या कॉकपिटसारखी. काचेच्या बाजूचे खांब दणकट. ते मूस नावाच्या प्राण्यासाठी. हे सांबराचं थोरलं भावंड, चार-पाचशे किलोचं, पण पाय इतके लांब की गाडीचं बॉनेट पायांना लागतं आणि सगळं धूड सरळ काचेवर येतं. साब नकली मूस बनवून त्याच्यावर गाड्या घालून बघायची. सीट गरम करायची सोय साबने १९७१ मध्ये दिली. उणे पंधरात सकाळी सातला त्या सीटवर बसलं की कंपनीला मनोमन दुवा द्यावासा वाटतो.

एवढं सगळं चांगलं, मग घोडं अडलं कुठे?

आकड्यांत. साबचं भरभराटीचं वर्ष १९८७, त्या वर्षी गाड्या झाल्या सुमारे १ लाख ३४ हजार. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने चार लाखांच्या वर विकल्या. नवी गाडी घडवायचा खर्च मात्र दोघांना जवळपास सारखाच येतो. साचे, चाचण्या, टकरी, सगळं तेवढंच. तो खर्च कुणी चार लाख गाड्यांवर वाटतो, तर कुणी सव्वा लाखावर. ज्या ९०० मॉडेलवर साबचं नाव झालं ते १९७८ पासून १९९३ पर्यंत ओढलं, आणि तेसुद्धा मुळात १९६७ च्या ९९ वरून बेतलेलं. प्रेमाने जपलं असं चाहते म्हणतात, पण खरं कारण नवं करायला पैसा नव्हता हे आहे.

भागीदारीत खर्च वाचवावा म्हणून साबने फिएटबरोबर ९००० केली, १९८४ ची. सांगाडा एकच आणि फिएट क्रोमा, लान्सिया थीमा, अल्फा १६४ अशी भावंडं. पण साबच्या इंजिनिअरांना इटालियन दारं टकरीला कच्ची वाटली, म्हणून त्यांनी ती मजबूत केली. मग हे बदल, ते बदल, आणि शेवटी सामाईक असं फार थोडं उरलं. गाडी उत्तम झाली, बचत गेली पाण्यात. अंथरूण केवढं आणि पाय केवढे, हे साबमध्ये बहुधा कुणी कुणाला विचारतच नसे.

१९८५ नंतर डॉलर घसरला आणि अमेरिका तर साबची सर्वात मोठी बाजारपेठ. तशात १९८९ मध्ये माल्मोला जहाजांच्या जुन्या गोदीत नवाकोरा कारखाना उघडला, तो दोन वर्षांत बंद करावा लागला. १९९० मध्ये जीएमने ६० कोटी डॉलरला निम्मी साब घेतली तेव्हा परिस्थिती ही होती. जीएमने कुणा धडधाकट माणसाला मारलं नाही.

आता जीएमचे दोष. १९९३ ची नवी ९०० ओपेलच्या (जीएमचीच तेव्हाची जर्मन कंपनी) सांगाड्यावर आली आणि जुन्या लोकांनी नाकं मुरडली. १९९७ ची ९-५ चांगली होती (मागून धडक बसली की मानेला आपोआप आधार देणारं हेडरेस्ट तिच्यात होतं), पण तीच गाडी थोडी रंगरंगोटी करत बारा वर्षं विकली. तोवर बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह सिरीजच्या दोन पिढ्या उलटल्या. अमेरिकेत तर जीएमने जपानी सुबारूला साबचं तोंड लावून ९-२एक्स विकली, लोक तिला 'साबारू' म्हणायचे. शेवरलेच्या धटिंगण एसयूव्हीला ९-७एक्स नाव दिलं; ती ओहायोत बनायची. फक्त किल्ली तेवढी सीटांच्या मध्ये नेली होती. यावर हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

पण उलट बाजूही ऐका. जीएमने २००२ च्या ९-३ साठी सामाईक सांगाडा दिला, तर साबवाल्यांनी मागचं सस्पेन्शन आपलं बसवलं, आणखी कितीतरी गोष्टी स्वतःच्या केल्या. फिएटच्या वेळचाच कित्ता. मालक म्हणतो आहे ते वापरा, हे म्हणतात आमच्या गाडीला हे चालणार नाही. इंजिनिअर म्हणून माझा जीव साबवाल्यांकडे ओढतो. पण मी जीएमचा हिशेबनीस असतो तर डोकं धरून बसलो असतो. जीएमच्या वीस वर्षांत बहुतेक सगळी तोट्याची.

२००८ च्या मंदीत जीएमच बुडायला लागली, मग साब विकायला काढली. आधी कोनिगसेग, म्हणजे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या महागड्या गाड्या करणारी कंपनी. ती नोव्हेंबर २००९ मध्ये मागे फिरली. २०१० च्या सुरुवातीला हॉलंडच्या स्पायकरने घेतली, तीही तशीच चिमुकली. त्या वर्षी साब जेमतेम ३०-३२ हजार खपल्या. एप्रिल २०११ मध्ये सुट्या भागांच्या पुरवठादारांचे पैसे थकले आणि लाइन थांबली, नंतर पगारही लांबायला लागले. यंगमन नावाची चिनी कंपनी पैसे घालायला तयार होती, पण गाड्यांत जीएमचं तंत्रज्ञान. ते चीनमधल्या स्पर्धकाच्या हाती पडेल म्हणून जीएमने परवानगी नाकारली. दोर कापला म्हणालो तो हा. १९ डिसेंबर २०११ ला साबने दिवाळखोरी जाहीर केली. ट्रोलहेत्तान पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं गाव, त्यातल्या तीन हजारांहून जास्त नोकऱ्या ऐन ख्रिसमसच्या आठवड्यात गेल्या. नंतर नेव्ह्ज नावाच्या कंपनीने कारखाना घेऊन विजेच्या गाड्यांचा प्रयत्न केला, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

"मग व्होल्वो कशी वाचली?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच. व्होल्वोही त्याच काळात फोर्डने विकायला काढली आणि २०१० मध्ये चीनच्या जीलीने घेतली. पण व्होल्वो तेव्हा वर्षाला साडेतीन लाखांवर गाड्या विकत होती. विकत घेणाऱ्याला चालती दुकानदारी मिळाली. साबमध्ये मिळालं असतं ते नाव आणि देणी.

आणि हो, विमानांची साब जिवंत आहे. मोटारींशी तिचा संबंध कधीच तुटला होता. ग्रिपेन विमान तिचंच, आणि आपलं सैन्य वापरतं ती खांद्यावरची कार्ल-गुस्ताफ तोफही तिचीच.

साबचा आणखी एक तुकडा वाचला, तो म्हणजे स्पेअर पार्टवाला विभाग. कर्जाच्या तारणापोटी तो स्वीडिश सरकारकडे गेला आणि ओरियो या नावाने नीशॉपिंगहून भाग पुरवत राहिला. मी भारतात परतलो त्या वसंतात घरमालकांच्या ९०० चा कूलंटचा एक रबरी पाइप गेला. तीन दिवसांत नवा आला, खोक्यात, वर साबचा शिक्का. त्यांनी अंगणातच तो बसवला, मी टॉर्च धरला. मग गाडी रिव्हर्समध्ये टाकून किल्ली काढली आणि ती खिशात घालून ते चहाला आत गेले.