छोट्या गाडीवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं, छोटी आणि खिशाला परवडणारी गाडी वापरताय तर अनुभव कळवा, चांगला असो की वाईट. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, बऱ्याच जणांनी सुरुवातच "गाडी तशी साधीच आहे पण..." अशी केलीय. असं चोरटेपणाने सांगायची काही गरज नाही. मी स्वतः तीन सिलिंडरची हजार सीसीची पेट्रोल गाडी अकरा वर्षं चालवतोय आणि ती मला मनापासून आवडते. फक्त छोट्या गाडीकडे शिल्लक ताकद कमी असते, त्यामुळे हवा कमी, ओझं जास्त, चुकीचा गिअर असलं काही झालं की मोठी गाडी ते पचवते आणि छोटी लगेच दाखवते. खालचे बरेचसे प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतात.

प्रश्न : कंपनीने लिटरला २२ सांगितलं होतं, डॅशबोर्डवर १६ दिसतं आणि मी हिशोब केला तर १४ च्या आसपास येतं. रोज घर ते ऑफिस ४ किलोमीटर, बाकी गाडी उभीच. दोनदा सर्व्हिस सेंटरला दाखवली, ते म्हणतात काही प्रॉब्लेम नाही. मला फसवलंय का?

फसवलेलं नाही, पण तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतायत हे आधी समजून घ्या. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, ठरलेला वेग, ठरलेली थांबायची वेळ, ट्रॅफिक नाही, चढ नाही, मागच्या सीटवर कोणी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, तुमच्या रस्त्याचं भाकीत म्हणून नाही. डॅशबोर्डवरचा आकडा कॉम्प्युटरने इंजेक्टरवरून, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावरून, काढलेला अंदाज असतो आणि तो बहुतेकदा थोडा उदारच असतो. खरा आकडा टाकी फुल ते टाकी फुल. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीन-चारशे किलोमीटर चालवायची, मग शक्यतो त्याच पंपावर तसंच भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर. एकदा करून सोडून देऊ नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या.

आता तुमचे ते ४ किलोमीटर, खरी गोम तिथे आहे. थंड इंजिनाला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, आणि पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल गरम व्हायला अजून बराच वेळ लागतो, म्हणजे तुमची गाडी तापते न तापते तोच ऑफिस येतं. संध्याकाळी परत तेच. अशा वापरात चौदा येणं अगदी नॉर्मल आहे. मला मायलेजपेक्षा काळजी वाटते ती ऑइलची, कारण जळणातून तयार होणारी वाफ ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल नीट तापलंच नाही तर ती बाहेर पडत नाही. बॅटरीचंही तसंच, स्टार्टरने घेतलेलं एवढ्याशा अंतरात पुरतं परत भरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी न्या, आणि ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटर होण्याची वाट बघू नका, वर्ष झालं की बदलायचं.

प्रश्न : एकटा असलो की गाडी मस्त पळते. पण सुट्टीत घरची पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर घाट लागला की जीव जातो. तिसऱ्यावर दम तोडते, दुसऱ्यावर टाकली तर एवढी ओरडते की बायको म्हणते इंजिन फुटेल. मागच्या वेळी वरती पोचलो तर जळका वासही आला.

हे पत्र मी दोनदा वाचलं कारण हे जवळजवळ सगळ्यांचंच आहे. जरा वजनाचा हिशोब करू. गाडी रिकामी साधारण ८५० किलो धरा. पाच माणसं सरासरी ६५ किलोची म्हणजे ३२५, वर ४० किलो सामान, झाले ३६५. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त ओझं तुम्ही तिच्यावर टाकलंत. हेच ओझं १७०० किलोच्या मोठ्या गाडीला एकवीस-बावीस टक्के पडतं. त्यात ६५-७० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर काढून घेतो, आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीवर हवा विरळ झाल्यामुळे दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते. गाडी खराब नाहीये, तिच्याकडे आहे ते सगळं ती देतेय.

आता ओरडण्याबद्दल. छोट्या पेट्रोल इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असतो, साधारण साडेतीन हजारच्या आसपास, त्यामुळे घाटात दुसऱ्या गिअरवर साडेतीन-चार हजारला चालणं ही तिची कामाची जागा आहे. लाल रेघेच्या खाली आहे तोवर फुटत बिटत नाही. खरा त्रास होतो तो तिसऱ्यावर पंधराशेला ढकलत नेल्यावर, पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी गुरगुरतेय पण पुढे जात नाहीये, त्यात इंजिन तापतं आणि बेअरिंगवर ताण येतो. वळण यायच्या आधीच गिअर खाली घ्या, वळणात जाऊन गाडी मेल्यावर नाही. तीव्र चढाच्या तुकड्यात दोन मिनिटं एसी बंद केलात तर फरक लगेच जाणवेल.

जळका वास बहुधा क्लचचा. घाटात पुढची गाडी थांबली की बरेच लोक हँडब्रेक न लावता क्लच अर्धा दाबून आणि ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरतात, त्यात क्लच प्लेट अक्षरशः घासत असते. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रल करा, निघताना क्लच सोडत गाडी ओढायला लागली की मग हँडब्रेक सोडा. आणि उतरताना ज्या गिअरवर चढलात साधारण त्याच गिअरवर उतरा. लोक न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला बघतात, प्लीज करू नका, ब्रेक तापून लागायचे बंद झाले तर हातात काहीच राहत नाही, आणि वाचत पण नाही, कारण गिअरमध्ये पाय काढलेला असताना इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो.

निघायच्या आधी अजून एक काम. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी दिलेली असते, मागच्या चाकांना बहुतेक वेळा जास्त. टायर थंड असताना तेवढी भरा. मागचा भाग बसलेला आणि स्टिअरिंग हलकं वाटणं बरंचसं तिथेच कमी होतं.

प्रश्न : ऑटोमॅटिक म्हणून एएमटी घेतली. गिअर बदलताना डोकं पुढे जातं, चढावर मागे सरकते. परत द्यावीशी वाटते.

एएमटी आतून मॅन्युअलच आहे हो, तोच एक क्लच आणि तोच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. तुम्ही मॅन्युअल चालवताना गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचात ना, इथे पण उचला, अगदी किंचित. आठ-दहा दिवसांत बदल कधी येणार ते कानाला कळायला लागतं आणि डोकं पुढे जायचं थांबतं. ओव्हरटेकच्या आधी मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर स्वतः खाली घ्या. चढावर गाडी धरायची ती ब्रेकने किंवा हँडब्रेकनेच, ॲक्सिलरेटरने धरलीत तर आतला क्लच जळतो आणि पायाखाली पेडल नसल्यामुळे ते तुम्हाला जाणवतही नाही. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या मग एकदम पुढे न्या.

प्रश्न : सिग्नलला उभी असताना सीट आणि आरसा थरथरतो. मित्राच्या चार सिलिंडरच्या गाडीत असं होत नाही.

होणारच. चार सिलिंडरमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, दर १८० अंश फिरला की एक धक्का बसतो, तीनमध्ये २४० अंशांनी, म्हणजे दोन धक्क्यांत अंतर जास्त. शिवाय चारमध्ये दोन पिस्टन वर तेव्हा दोन खाली असे एकमेकांना सांभाळतात, तीनात तसं जमत नाही म्हणून इंजिन टोकांवर डुलतं. नवीन असल्यापासून एवढीच थरथर असेल तर विसरून जा. वाढली असेल तर इंजिन माउंटचं रबर बघायला सांगा, आणि एसी बंद असतानाही गाडी अडखळत असेल तर आधी प्लग आणि कॉइल.

प्रश्न : माझी उंची सहा फूट. शोरूममध्ये हसतच बसलो होतो पण आरामात मावलो! एवढ्याशा गाडीत जागा येते कुठून?

या पत्राने फार बरं वाटलं. याचं श्रेय बऱ्याच अंशी १९५९ च्या मिनीला आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं ओढणारी केली, चाकं १० इंचांची घेतली आणि जेमतेम ३.०५ मीटर लांबीत चार माणसं बसवली. गिअरबॉक्स मात्र इंजिनाच्या खाली होता, दोघांना एकच ऑइल. मग १९६४ मध्ये फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला टोकाशी लावला, आणि आज बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांच्या बॉनेटखाली हीच मांडणी असते. तुमच्या पायांना मिळालेली जागा म्हणजे इंजिनाने सोडलेली जागा. त्याची किंमत कधी मोजावी लागते, तर साधा हेडलाइटचा बल्ब बदलायला हात जात नाही आणि एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी काढावी लागते तेव्हा.

प्रश्न : दार उघडताना आत पाणी हलल्यासारखा आवाज येतो, आणि पुढच्या मॅटखाली पण ओल आहे.

ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. दाराच्या काचेवरून पाणी आत उतरणारच, ते बाहेर जायला दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी साठतं आणि दार आतून गंजतं. प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करा, तारेने नको, रंग खरवडतो. माझ्या गाडीचं मागचं दार असंच खालून गंजलं कारण मला ती भोकं असतात हेच सात वर्षं माहीत नव्हतं, कोणी दाखवलीच नाहीत.

मॅटखालची ओल बोटाला लावून बघा. साधं पाणी असेल तर एकतर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय, किंवा काचेच्या खाली वायपरपाशी पानं अडकून पावसाचं पाणी आत येतंय. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आहे, हीटरचा भाग गळतोय, आणि मग गाडी चालवत राहू नका.

प्रश्न : रात्री दिसत नाही, ९०/१०० वॅटचे बल्ब टाकू का?

नको. होल्डर आणि वायरिंग ६०/५५ वॅटसाठी केलेलं असतं, ते वितळतं. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या आणि लाइटची उंची सेट करा. स्टिअरिंगजवळ लेव्हलचं छोटं चाक असतं, मागे माणसं असली की त्यावरचा आकडा वाढवा म्हणजे प्रकाश खाली येतो, नाहीतर प्रकाश आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

प्रश्न : सासरे म्हणतात ही गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, मुलांना घेऊन हायवेला जाऊ नका. खरंच एवढी धोक्याची असते का?

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. जड आणि हलकी गाडी समोरासमोर आदळली तर हलक्या गाडीला जास्त झटका बसतो, हे भौतिकशास्त्र आहे, क्रॅश टेस्टच्या कुठल्याही स्टारने ते बदलत नाही. पण आतली माणसं वाचतात की नाही हे बाकी बऱ्याच गोष्टींवर असतं आणि त्या तुमच्या हातात आहेत. मुलं मागेच, वयाप्रमाणे चाइल्ड सीटमध्ये. मागच्यांनी सुद्धा बेल्ट, कारण बेल्ट न लावलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही जखमी करतो. आणि वेग. ६० वरून ८० वर गेलात की वेग वाढतो एक तृतीयांश, पण आदळण्याची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. पुढची गाडी घेताना एअरबॅग मोजता तसं इएससी आहे का तेही विचारा, घसरताना गाडी सरळ ठेवणारी ती गोष्ट आहे. सासऱ्यांची काळजी खरी आहे, त्यांना हे सगळं केलंय म्हणून सांगा, आणि ते सोबत असतील तेव्हा मागे त्यांनाही बेल्ट लावा.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, गाडी खाली असल्यामुळे बसताना त्रास होतो.

एक पाय आत टाकून मग बसायला लावू नका, त्यात सगळा भार एका गुडघ्यावर येतो. पुढची सीट पूर्ण मागे घ्या, आईंनी गाडीकडे पाठ करून आधी सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. सीटवर गुळगुळीत कापड टाकलं तर वळणं अजून सोपं जातं, बसून झालं की ते काढून घ्या म्हणजे बेल्टखाली घसरायला होत नाही. उतरताना हेच उलटं, दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय उठायचं नाही.