कॅप्सूलने अंगातली सूज उतरते का?

प्रश्न : वय ५४, आमवात आहे, मेथोट्रेक्झेट हे त्याचं औषध चालू आहे तरी सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वरच येतो. भाचीने प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत चांगल्या बॅक्टेरियांच्या कॅप्सूलची, ५० बिलियन (५० अब्ज) बॅक्टेरियावाली बाटली आणून दिलीय, म्हणते पोट सुधारलं की अंगातली सूज आपोआप उतरते. घेऊ का? आणि मग मेथोट्रेक्झेट बंद करता येईल का?

उत्तर : ताई, शेवटचं आधी. मेथोट्रेक्झेट स्वतःहून बिलकुल बंद करू नका, दुखणं कमी वाटलं तरी आतून सांधे झिजत राहू शकतात.

आता भाचीचं म्हणणं. ते अगदीच हवेतलं नाहीये, आतड्यातले काही बॅक्टेरिया फायबर खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि ते आतड्याचं अस्तर धड ठेवतं, सूज वाढवणाऱ्या पेशींनाही आवरतं. पण गंमत अशी की बाटलीत बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस नाहीतर बिफिडो जातीचे बॅक्टेरिया असतात आणि ते स्वतः ब्युटिरेट बनवतच नाहीत! शिवाय ते पोटात कायमचे राहतही नाहीत, गोळी थांबली की बहुतेक वेळा काही दिवसांत गायब. त्यामुळे ५० बिलियन आकड्यावर जाऊ नका, कुठला स्ट्रेन (बॅक्टेरियाचा नेमका उपप्रकार) आहे आणि तो तुमच्या आजारात तपासलाय का ते बघा.

आमवातात छोट्या चाचण्या झाल्यात, काहींमध्ये सीआरपी थोडा उतरला, पण अमेरिकेतल्या संधिवात डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये आमवातासाठी सप्लिमेंट न घेण्याकडेच कल दिला. आणि 'नॅचरल आहे, अपाय काय होणार' हे तर डोक्यातून काढाच. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला जोरात सूज आलेल्या पेशंटना प्रोबायोटिक दिलं, २००८ ला निकाल आला तर त्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ६. तुमचा आजार तो नाही, पण मेथोट्रेक्झेटने प्रतिकारशक्ती दबते म्हणून विचारल्याशिवाय नको.

स्टॅनफर्डच्या २०२१ च्या एका प्रयोगात ३६ धडधाकट माणसं होती, त्यातल्या दही-केफिर-किमची असं आंबवलेलं रोज भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तातली सुजेची १९ प्रथिनं कमी झाली. आमवात बरा होतो असं त्यातून निघत नाही, पण सोसत असेल तर ताक-दही चालू ठेवायला काय हरकत आहे.

बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. खरं तर सीआरपी उतरत नाही हाच मोठा प्रश्न आहे, डोस वाढवायचा की सोबत दुसरं औषध लावायचं हे तेव्हाच विचारून घ्या.